ओव्हरफ्लोचा आवाज



घरात मोठी फिशटँक असली की पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. आपल्याकडचा पाहुणा विचारतो, "यातला खायचा कुठला?" डच पाहुणा विचारतो, "विजेचं बिल किती येतं?" गेल्या महिन्यात एका मित्राने मात्र तिसराच प्रश्न विचारला. टाकीसमोर दोन मिनिटं उभा राहिला, कान दिला आणि म्हणाला, "अरे, ही चालू आहे ना? आवाज कसा नाही?"

मला इतका आनंद झाला की त्याला जेवायलाच थांबवलं! कारण तो आवाज नसण्यामागे माझी दोन वर्षं, खालच्या शेजारणीचं एक छत आणि साधारण पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. जेवताना त्याला जे सांगितलं तेच जरा नीट जुळवून इथे लिहितो. ज्यांना माशांत रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. गोष्ट माशांपेक्षा पाण्याची आहे, आणि आपण सगळे समुद्रसपाटीच्या खाली नाहीतर जेमतेम वर राहणारी माणसं.

तर झालं असं. आम्ही हेगमध्ये १९३० च्या दशकातल्या एका 'पोर्टिक' घरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाहेरून विटांचं देखणं बांधकाम, आतून लाकडी तुळया आणि त्यावर फळ्या. ज्या घरात शेजाऱ्यांची शिंकसुद्धा ऐकू येते त्याला डच भाषेत 'खेहोरिख' असा खास शब्द आहे. आमचं घर पक्कं खेहोरिख. २०१० च्या शरद ऋतूत मी मार्क्टप्लाट्सवरून एक जुनी टाकी घेतली: एक मीटर लांब, १८० लिटरची. कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा, कप्प्याच्या तळाला दोन भोकं, खाली कपाटात फिल्टरची दुसरी टाकी. विकणाऱ्याने सांगितलं, "एका भोकातून पाणी खाली येतं, दुसऱ्यातून पंप वर चढवतो." झालं, एवढ्यावर मी खूश.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. खालच्या टाकीतून मोटर पाणी वर चढवते. टाकी भरली की वरच्या बाजूच्या पाइपातून पाणी पडायला लागतं आणि कोणीतरी ओरडतं, "मोटर बंद करा!" फिशटँकमध्ये ही मोटर कधीच बंद होत नाही, आणि ओव्हरफ्लोचं पाणी वाया न जाता खालच्या टाकीत जातं, गाळून पुन्हा वर येतं. म्हणजे चोवीस तास ओव्हरफ्लो. माझ्या टाकीत ताशी सुमारे १२०० लिटर पाणी असं फिरतं.

पहिल्या रात्री साडेअकराला दिवे मालवले आणि कळलं की हे काय विकत घेतलंय. आधी बारीक सूंऽऽ असा आवाज. मग घळघळ. मग एकदम बाथटबचं बूच काढल्यावर शेवटी येतो तसा गुर्रर्र. अर्धा मिनिट शांतता. पुन्हा सूंऽऽ. बायको अंधारात म्हणाली, "अहो, फ्लश कोण करतंय?" मी म्हटलं, "सवय होईल." बायकोला झालीही थोडीफार. पण खालच्या मजल्यावर त्या झाली नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या मेव्हराउ वर आल्या. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आल्या त्या तक्रारीच्या सुरात नाही. "तुमच्याकडे कुठे गळतंय का? मला रात्रभर पाणी वाहताना ऐकू येतं." मी टाकी दाखवली, मासे दाखवले. त्यांनी कौतुक केलं, कॉफी घेतली आणि जाता जाता सहज सांगावं तसं सांगितलं. त्या झेलंडच्या. १९५३ साली आठ वर्षांच्या होत्या. ३१ जानेवारीच्या रात्री, म्हणजे १ फेब्रुवारीची पहाट व्हायच्या आधी, त्यांना जाग आली ती अंधारात पाण्याच्या आवाजाने. त्या पुरात या देशात १८३६ माणसं गेली. त्यांच्या घरची किती ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "डोक्याला माहीत असतं की वर मासे आहेत. पण मी उठून बसते."

यानंतर "सवय होईल" म्हणणं शक्य नव्हतं. मी वाचायला बसलो. आणि आपल्या सवयीप्रमाणे पाइप कसा बदलायचा एवढंच न वाचता, मुळात हा पाइप आला कुठून इथपर्यंत गेलो.

काचेची टाकी सुरुवातीला अगदी मुकी होती. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एका टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवून दाखवलं की वनस्पती प्राणवायू देतात, मासे जगतात, पाणी बदलावं लागत नाही. पण पानं कुजायला लागली तेव्हा त्याने आणखी एक प्राणी आत सोडला: गोगलगाय. कुजकं खाऊन टाकी स्वच्छ ठेवणारी. (ही गोगलगाय लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.) १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी गेला. ही सगळी स्थिर पाण्याची गंमत. बरेच लोक हौसेने टाकी आणत, जास्त मासे घालत आणि महिन्याभरात सगळे मेलेले आढळत.

पाणी खेळतं करण्याचं मोठं काम केलं विल्यम अल्फर्ड लॉइड या माणसाने. लंडनमध्ये अ‍ॅक्वेरियमचं सामान विकणारा दुकानदार. त्याने १८६४ मध्ये हॅम्बर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभारलं. त्याची युक्ती अशी: लोकांना दिसतात त्या टाक्यांच्या खाली, अंधारात, त्या सगळ्यांपेक्षा कित्येक पट मोठी टाकी. वाफेच्या पंपाने पाणी वर चढवायचं, ते एका टाकीतून ओसंडून दुसऱ्यात, दुसरीतून तिसरीत आणि शेवटी परत खाली. अंधारात गार राहिलेलं, स्थिरावलेलं पाणी पुन्हा वर. समुद्राचं तेच पाणी वर्षानुवर्षं वापरता येतं हे त्याने दाखवलं. माझ्या कपाटातली खालची टाकी ही त्या लॉइडच्या तळघराची नात म्हणायची.

आणि याच धर्तीचं मत्स्यालय आपल्यापासून ट्रेनने तासाभरावर उभं राहिलं, आम्सटरडॅमच्या आर्टिसमध्ये, १८८२ साली. आर्टिस हे प्राणिसंग्रहालय १८३८ चं. तिथल्या मत्स्यालयाची दगडी खांबांची भारदस्त इमारत तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना घेऊन पाहिली असेल. लोक वरची दालनं बघतात. खरं यंत्र तळघरात: पाण्याचे मोठे साठे, गाळण्या, पंप. ज्या शहरात घर बांधायलाही आधी दलदलीत खांब ठोकावे लागतात, तिथे पाण्याने भरलेलं तळघर मुद्दाम बांधायचं हे धाडस मला फार आवडतं. तिथे ओव्हरफ्लोचा आवाज होता की नाही याची कोणी पर्वा करण्याचं कारण नव्हतं. जाड दगडी भिंती, आणि रात्री झोपायला फक्त मासे.

घरात मात्र शंभर वर्षं शांतताच होती. नेदरलँड्समधल्या हौशी मत्स्यपालकांचा राष्ट्रीय संघ १९३० साली स्थापन झाला. इथली खासियत म्हणजे पाणवनस्पतींची टाकी: रांगांनी लावलेली झाडं, लाल-हिरव्या छटा, जणू पाण्याखालची बाग. जगभर तिला 'डच पद्धत' म्हणतात. परीक्षक घरोघरी जाऊन टाक्या बघतात आणि गुण देतात. (आपल्याकडे गणपतीच्या आरासीच्या स्पर्धेत परीक्षक घरी येतात तसंच.) या टाकीत ओव्हरफ्लोची गरज नसते. उलट पाणी फार खळखळलं तर झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातो.

आवाज घरात आला तो समुद्री टाकीबरोबर. १९६० च्या दशकापासून सिलिकॉनने काचा चिकटवता येऊ लागल्या, लोखंडी चौकट गेली, कोपऱ्यात वेगळा काचेचा कप्पा करणं सोपं झालं. १९८० च्या सुमारास नेदरलँड्स आणि जर्मनीतले हौशी लोक घरात जिवंत प्रवाळ ठेवू लागले. त्यासाठी टाकीचं पाणी कोपऱ्यातल्या कप्प्यात ओसंडून खालच्या 'ओल्या-सुक्या' फिल्टरवर ठिबकत जाई. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी 'फ्रेशवॉटर अँड मरीन अ‍ॅक्वेरियम' या अमेरिकन मासिकात या पद्धतीवर लेखमाला लिहिली आणि अमेरिकेत तिचं नावच 'डच मिनी-रीफ' पडलं. म्हणजे कोपऱ्यातला कप्पा आणि खालची टाकी अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोचली ती डच नावाने. आणि तिच्याबरोबर ती घळघळही.

आता ही घळघळ का होते ते बघू. मी समजत होतो की पाणी आवाज करतं. पाणी एकटं आवाज करतच नाही. पाइपात पाणी आणि हवा यांचं भांडण होतं, त्याचा आवाज. उभ्या पाइपाच्या तोंडाशी पाणी चढतं, तोंड बुडतं, आतली हवा वाहून जाते आणि सायफन लागतो. सायफन पंपापेक्षा जास्त वेगाने पाणी ओढतो. कप्प्यातली पातळी खाली जाते, तोंड उघडं पडतं, हवा आत ओढली जाते: गुर्रर्र. सायफन तुटतो. पातळी पुन्हा चढू लागते. माझ्याकडे हे दर अर्ध्या-पाऊण मिनिटाला होत होतं. सिंकमधलं शेवटचं पाणी जाताना गुडगुडतं तेही हेच. सिंकखालचा तो वाकडा पाइप (डच त्याला 'हंसाची मान' म्हणतात) १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या लंडनच्या घड्याळजीच्या पेटंटमध्ये आहे. पुढे इमारती उंच झाल्या तशा सांडपाण्याच्या उभ्या नळांना छतापर्यंत हवेची नळी जोडावी लागली, नाहीतर एकाच्या फ्लशने दुसऱ्याचा सिंक गुडगुडायचा.

हे वाचताना मला एकदम आजोबांचा शब्द आठवला: उच्छ्वास. आजोबा पुण्याच्या सदाशिव पेठेतले. लहानपणी हौदावरून पाणी भरल्याच्या गोष्टी सांगायचे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळाने सुमारे आठ किलोमीटर अंतर पार करून पाणी पुण्यात आणलं. काळा हौद, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठेतला हौद, हे सगळे त्या पाण्याचे. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. आणि त्या नळावर ठरावीक अंतराने वर उघडणारे जे धारे बांधले होते त्यांना नाव 'उच्छ्वास'. तिथून अडकलेली हवा बाहेर पडायची, गाळ काढायला माणूसही उतरू शकायचा. बंद नळातून पाणी न्यायचं तर हवेची सोय आधी करावी लागते, हे त्या गवंड्यांना पक्कं माहीत होतं. नावसुद्धा किती नेमकं!

१९९० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड डर्सो या अमेरिकन हौशी माणसाने फिशटँकच्या पाइपाला हाच उच्छ्वास बसवला. उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी, टीचं तोंड खाली वळवून पाण्यात बुडवलेलं, आणि वरच्या टोपणाला एक बारीक भोक. त्या भोकातून हवा सतत आत येते, म्हणून पुरता सायफन लागतच नाही. पाणी पाइपाच्या भिंतीला धरून खाली घसरतं, हवा मधून जाते, दोघांची वाट वेगळी. त्याने हा आराखडा कोणालाही वापरायला मोकळा ठेवला. मी पण केला. बाऊमार्क्टमधून दहा युरोचे पीव्हीसीचे तुकडे, दोन मिलिमीटरचं ड्रिल, एक शनिवार. भोक लहान असलं तर फ्लश, मोठं असलं तर सूंऽऽ. थोडं थोडं वाढवत गेलो. आवाज तीन चतुर्थांश गेला. पण खाली पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा जातेच, आणि ती खालच्या टाकीत बुडबुड करत बाहेर येते. कपाट बंद केलं तरी लाकडी जमिनीतून ती बुडबुड उतरत होती. मेव्हराउ म्हणाल्या, "खूपच बरं झालं." त्या ज्या पद्धतीने म्हणाल्या त्यावरून कळलं की अजून उठून बसतात.

इथे मी शहाणपणा केला. विचार केला, भांडण हवेचं आहे ना, मग हवा काढूनच टाकू. भोक बुजवलं, पाइपावर खाली एक कॉक बसवला आणि तो थोडा थोडा बंद करत गेलो. एका जागी पाइपातून बरोबर तेवढंच पाणी जाऊ लागलं जेवढं पंप वर चढवतो. पाइप पूर्ण भरलेला, हवा नाही, आणि आवाज शून्य. अक्षरशः शून्य! फेब्रुवारी २०११. मी बायकोला उठवून ऐकवलं. (तिने काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.)

बारा दिवस शांत झोप झाली. तेराव्या दिवशी दोघंही ऑफिसात असताना वॉरिंग्टनची गोगलगाय पाइपात शिरली. अर्धवट बंद केलेल्या कॉकच्या फटीत बरोबर बसली. खाली जायची वाट बंद, पंप चालूच. खालच्या टाकीतलं पाणी संपेपर्यंत पंपाने ते वर ढकललं आणि अठरा-वीस लिटर पाणी टाकीच्या काठावरून, फळ्यांच्या फटींतून, मेव्हराउंच्या बैठकीच्या छतावर गेलं.

संध्याकाळी आलो तर त्या जिन्याच्या वळणावर उभ्या. गंमत म्हणजे जिन्यावरच्या त्या मोकळ्या जागेला आणि टाकीच्या ओव्हरफ्लोला डच भाषेत शब्द एकच, 'ओव्हरलोप'. त्या क्षणी मात्र हसू येत नव्हतं. घरात त्यांनी बादली लावली होती, गालिचा गुंडाळला होता, फोटो आणि कागदपत्रं टेबलावर उंच ठेवली होती. सगळं नीटनेटकं, जणू केव्हापासून ठरवून ठेवल्यासारखं. हात तेवढे थरथरत होते. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. छत विम्यातून नीट झालं. दायित्व विमा सगळ्यांनी काढून ठेवा, वर्षाला थोडक्या युरोंचं काम आहे. पण मी टाकी रिकामी करून मासे एका मित्राकडे दिले आणि वर्षभर ती कोरडी ठेवली.

मेव्हराउंनीच एकदा विचारलं, "मासे कुठे गेले?" मी म्हटलं, पुन्हा तशी जोखीम नको. मग सांगितलं की दोन भोकं असलेली टाकी सुरक्षित करायची एक पद्धत वाचलीय: दोन्ही भोकं पाणी खाली न्यायलाच वापरायची, आणि पंपाचा पाइप काठावरून वर घालायचा. पहिला पाइप पूर्ण भरलेला, कॉकने नेमका केलेला, शांत. दुसरा त्याच्यापेक्षा थोडा उंच, कॉक नाही, एरवी जवळजवळ कोरडा. पहिला तुंबला तर पातळी दोन बोटं चढेल आणि सगळं पाणी दुसऱ्यातून जाईल. मी कागदावर आकृती काढत होतो. त्यांनी दुसऱ्या पाइपावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हा ओव्हरलाट."

हा शब्द मला नवीन होता. घरी येऊन शोधला आणि पुढचे दोन आठवडे त्यातच गेले. ओव्हरलाट म्हणजे बांधाचा मुद्दाम कमी उंचीचा ठेवलेला भाग. नदी फुगली तर पाणी कुठून तरी बाहेर पडणारच. ते कुठून पडावं हे आपण आधीच ठरवायचं, म्हणजे नको तिथे बांध फुटत नाही. सगळ्यात नावाजलेला मास नदीवरचा, उत्तर ब्राबांतमध्ये बेअर्स गावाजवळचा. मास चढली की पाणी तिथून ओसंडून शेतांवरून डेन बॉसच्या दिशेने जायचं. शहरं वाचायची, पण त्या वाटेवरची गावं हिवाळ्यात पाण्याने वेढलेली, जमीन फक्त कुरणाच्या लायकीची. लोकांनी पिढ्यानपिढ्या तक्रार केली. शेवटी १९३० च्या दशकात मासची वळणं कापून नदी सरळ केली, आणि १९४२ मध्ये हा ओव्हरलाट बंद झाला. त्या गावांच्या बाजूने ते योग्यच होतं.

पण पुढे काय झालं बघा. १९९५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नद्या एवढ्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध टिकले, पण सगळ्यांच्या लक्षात आलं की दर वेळी बांध उंच करत जाणं म्हणजे माझ्यासारखं एकाच पाइपावर भरवसा ठेवणं. मग 'नदीला जागा' ही राष्ट्रीय योजना आली. तिच्यात मासच्या खालच्या अंगाला ओव्हरडीपसे पोल्डर आहे. तिथला बांध मुद्दाम कमी केला आणि शेतकऱ्यांची घरं-गोठे उंच टेकाडांवर नेले. काम २०१५ मध्ये पुरं झालं. सरासरी २५ वर्षांतून एकदा तिथे पाणी येईल असा हिशोब आहे. म्हणजे १९४२ मध्ये बंद केलेली कल्पना परत आली, पण या वेळी पाण्याच्या वाटेवरच्या माणसांची सोय आधी करून. मला वाटतं, फरक तोच आहे.

फिशटँकवाल्यांनी हे स्वतंत्रपणे शोधलं. दोन पाइपांच्या पद्धतीला 'हर्बी' म्हणतात, ज्याने २००० च्या दशकात ती मांडली त्याच्या टोपणनावावरून. त्याच दशकात 'बीनअ‍ॅनिमल' या टोपणनावाच्या माणसाने तीन पाइपांची पद्धत काढली. एक भरलेला, एक उघडा ज्यातून थोडं पाणी जातं, आणि तिसरा कोरडा. उघड्या पाइपाच्या उच्छ्वासाची नळी त्याने वळवून तिचं तोंड टाकीच्या काठाखाली आणलं. पाणी वाढलं की ते तोंड बुडतं, हवा बंद होते आणि उघडा पाइप आपोआप सायफन होतो. आजोबांना दाखवायला पाहिजे होतं.

माझ्याकडे दोनच भोकं, म्हणून मी हर्बी केली. २०१२ चा वसंत ऋतू. करणाऱ्यांसाठी थोडक्यात: पहिल्या पाइपाचं तोंड कप्प्यात पाण्याखाली चांगलं १०-१५ सेंटिमीटर, त्यावर जाळीची टोपी (गोगलगाय!). कॉक साधा चेंडूचा नको, फिरवत फिरवत बंद होणारा घ्या, म्हणजे बारीक जुळवता येतो. पाइपाचं खालचं टोक खालच्या टाकीत दोन-तीन सेंटिमीटरच बुडवा. जास्त बुडवलं तर सुरुवातीला हवा बाहेर पडत नाही. दुसऱ्या पाइपातून दोऱ्याएवढी धार जाऊ द्या, म्हणजे पातळी स्थिर राहते. पंपाच्या पाइपाला वर पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक पाडा. नाहीतर वीज गेली की तोच उलटा सायफन होऊन वरचं पाणी खाली आणतो. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: पहिला कॉक पूर्ण बंद करून तासभर बघा.

ही शेवटची चाचणी मी मेव्हराउंना बोलावून केली. कॉक बंद केला. पातळी चढली, दुसऱ्या पाइपाने पाणी घेतलं आणि घळघळ घळघळ असा मूळचाच आवाज सुरू झाला. त्या दचकल्या. मी म्हटलं, "हा आवाज एरवी येणार नाही. आला तर समजायचं की पहिला तुंबलाय. पाणी मात्र तुमच्याकडे येणार नाही." त्या बराच वेळ बघत राहिल्या. एक थेंबही बाहेर आला नाही. मग म्हणाल्या, "ठीक. किल्ली एक माझ्याकडे ठेवा."

२०१४ च्या डिसेंबरात आम्ही पुण्यात होतो. रात्री साडेदहाला फोन. "तुमचा ओव्हरलाट चालू झालाय. मी वर आले आहे. कुठला कॉक फिरवू?" जाळीवर पानं साचली होती. मी फोनवर सांगत गेलो, त्यांनी पानं काढली, कॉक एकदा पूर्ण उघडून हळूहळू जागेवर आणला. फोनमधून मला घळघळ थांबलेली ऐकू आली. इथे पूर आला की बांधावर फेऱ्या मारून पाझर शोधणारे स्वयंसेवक असतात, 'डाइकवाख्त'. मी त्यांना तेच म्हटलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता झोपते."

२०१९ मध्ये त्या मुलीकडे झेलंडला राहायला गेल्या. खाली आता एक तरुण जोडपं आहे, कानात सतत हेडफोन. त्यांना टाकीबद्दल विचारलं तर म्हणाले, "वर टाकी आहे?" असो. मी तरीही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहिला कॉक बंद करून दुसऱ्या पाइपाचा आवाज ऐकतो.

चूकभूल द्यावी घ्यावी. कोणाला आकृती हवी असेल तर जरूर सांगा. हेगला आलात तर टाकी बघायला या, कॉफी होईल. मासे खायला मिळणार नाहीत. :-)

आपला,
(शांत झोपणारा) मत्स्यमित्र, हेग